बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा कसा पाहावा

बडोद्याला जाऊन लक्ष्मी विलास राजवाडा पाहून आलेल्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. दरबार हॉल पाहिलेला असतो, हिरवळीवर छायाचित्रेही काढलेली असतात. पण राजा रविवर्मा यांची प्रसिद्ध पौराणिक चित्रे कशी वाटली, असे विचारले की बहुतेक जण गोंधळतात. ज्या चित्रांसाठी बडोद्याचे नाव कलेच्या इतिहासात घेतले जाते, त्यांतील बहुसंख्य चित्रे आज राजवाड्याच्या मुख्य इमारतीत नसून त्याच आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात आहेत. त्या संग्रहालयाचा दरवाजा वेगळा आहे आणि तिकीटही वेगळे आहे. हे आधी माहीत नसले की माणूस दरवाज्यापर्यंत जाऊन परत येतो. राजवाडा आणि संग्रहालय या एकाच वास्तूच्या दोन खोल्या आहेत असे मानून दोन्ही पाहावीत, आणि त्यांच्या आधी व नंतर शहरातील आणखी दोन ठिकाणे जोडावीत, म्हणजे पाहिलेल्या गोष्टींचा अर्थ लागतो. तो क्रम आणि प्रत्येक ठिकाणी नेमके काय पाहायचे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

दिवस, ऋतू आणि वेळ

राजवाडा आणि संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात. मुंबईहून शनिवार-रविवार जोडून सोमवारची रजा घेणाऱ्यांनी म्हणूनच राजवाड्यासाठी शनिवार किंवा रविवार ठेवावा आणि सोमवार शहरातील उघड्या जागांसाठी राखावा. माझी पहिली फेरी नेमकी सोमवारी पडली होती आणि फाटकाबाहेरून शिखरे पाहून परतावे लागले होते. राजवाड्याचा काही भाग राजघराण्याच्या खासगी निवासासाठी आहे, तेथे समारंभही होतात. त्यामुळे प्रवेशाच्या वेळा व दर बदलू शकतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांची खात्री करून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

ऋतूची निवड केवळ सोयीची बाब नाही. दरबार हॉलमधील रंगीत काचांची तावदाने सूर्यप्रकाशावर जगतात. ढगाळ दिवशी ती काळवंडलेली आणि सपाट दिसतात, तर स्वच्छ उन्हात त्यांतील निळे, लाल आणि सोनेरी रंग उजळून निघतात. पावसाळ्याच्या मध्यावर जाणाऱ्याचे या एका बाबतीत नुकसान होते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर असते, परंतु बडोद्याचे तापमान चाळिशी ओलांडते आणि आवारातील चालणे ज्येष्ठांना व मुलांना सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्ही दृष्टींनी उत्तम. नवरात्रात जायचे असेल तर मुक्कामाची सोय बरीच आधी करावी, कारण बडोद्याच्या गरब्यासाठी लांबलांबून लोक येतात आणि खोल्या मिळत नाहीत.

मुंबईहून बडोदा रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर आहे आणि दिवसभर गाड्या असतात. सकाळी जाऊन रात्री परत येणे शक्य आहे, पण मी तो सल्ला देणार नाही. एक मुक्काम करावा. स्थानकापासून राजवाडा तीन-चार किलोमीटरवर आहे आणि रिक्षा सहज मिळते. रिक्षावाल्याला ‘लक्ष्मी विलास पॅलेस’ असे सांगितले की पुरते; संग्रहालयासाठी मात्र ‘फतेसिंह म्युझियम’ असे स्वतंत्रपणे सांगावे लागते. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात, त्यामुळे रस्ता मराठीत विचारायला संकोच करू नये.

बरोबर काय असावे, याची यादी लहान आहे. वजनाला हलकी दुर्बीण असावी, कारण छत, सज्जे आणि तावदानांचा वरचा भाग नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. टिपणवही आणि शिसपेन्सिल ठेवावी. जुन्या वस्तूंजवळ शाईचे पेन काढणे बरे नव्हे. राजवाड्याच्या आत छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि हा नियम मनापासून पाळावा. मोबाइल खिशात गेला की डोळे काम करू लागतात, असा माझा अनुभव आहे. पायांत मऊ तळव्यांची पादत्राणे असावीत, कारण दगडी फरशीवर दोन-तीन तास उभे राहायचे असते.

आधी तांबेकर वाडा

राजवाड्याकडे थेट जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सकाळी प्रथम रावपुरा भागातील तांबेकर वाडा पाहावा. बडोदे संस्थानचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी मराठी वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरून तो साधा वाटतो आणि गल्लीतून जाताना सहज नजरेआड होतो. वरच्या मजल्यावरील चित्रित दालनात मात्र भिंतीची एकही जागा रिकामी नाही. कृष्णलीलेचे प्रसंग, महाभारतातील कथा, इंग्रज-मराठे युद्धाची दृश्ये आणि त्या काळच्या घरांतील माणसे चौकटींमागून चौकटींत रंगवलेली आहेत.

येथे पंधरा मिनिटे एका जागी उभे राहावे आणि एक गोष्ट मनात नोंदवून घ्यावी. या चित्रांत खोली नाही, सावली नाही. आकृत्या एकाच पातळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत आणि कथा डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचत जायची आहे. एकटे चित्र म्हणून ती भिंतीवर लटकत नाहीत, भिंत हेच चित्र आहे. पुढे काही तासांनी रविवर्म्यांच्या तैलचित्रासमोर उभे राहाल तेव्हा अवघ्या काही दशकांत बडोद्यातील पाहण्याची सवय किती बदलली, हे या वाड्यामुळेच कळेल. लाकडी जिना अरुंद आणि उभा आहे, भिंतींना हात लावू नये आणि गर्दी असेल तर थोडे थांबून वर जावे.

वाड्यातून निघाल्यावर जवळपास शेवउसळ खाऊन घ्यावी. मराठी उसळीने गुजराती शेवेशी जमवलेला हा संसार बडोद्याचा म्हणून ओळखला जातो, आणि राजवाड्याच्या फेरीत मध्येच भूक लागणे टळते.

राजवाड्यासमोर: आत जाण्याआधीचा अर्धा तास

फाटकातून आत आल्यावर लोक तिकीटखिडकीकडे धाव घेतात. तिकिटाबरोबर ध्वनिमार्गदर्शक यंत्र मिळते, ते घ्यावे; पण लगेच कानाला लावू नये. आधी हिरवळीच्या कडेने चालत इमारतीपासून शक्य तितके दूर जावे आणि दर्शनी भाग एका दृष्टीत येईल अशा जागी थांबावे.

या राजवाड्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८९० मध्ये तो पूर्ण झाला. बांधवून घेणारे महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. तेथील शेतकरी कुटुंबातील गोपाळ नावाच्या मुलाला राणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले, आणि १८८१ मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्याच्या हाती आले. राजवाड्याचे काम सुरू झाले तेव्हा सयाजीराव जेमतेम पंधरा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. त्यामुळे ही वास्तू एका प्रौढ राजाच्या हौसेपेक्षा एका नव्या राजवटीच्या आत्मविश्वासाची खूण म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल. आधीचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी १८७५ मध्येच पदच्युत केले होते, आणि गादीची प्रतिष्ठा लोकांच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभी करणे ही त्या काळची गरज होती.

वास्तुरचनाकार मेजर चार्ल्स मँट यांचे नाव कोल्हापूरकरांना परके नसावे, कारण कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांनी येथे उभे राहून दोन्हींची मनात तुलना करावी. घुमट, कमानी, छत्र्या आणि मनोरा यांची जुळणी करणारा हात एकच असल्याचे लवकर ओळखू येते. मँट यांचा १८८१ मध्ये मृत्यू झाला. आपल्या गणितात चूक झाली असून इमारती ढासळतील या चिंतेने त्यांना ग्रासले होते, अशी कथा सांगितली जाते. राहिलेले काम रॉबर्ट फेलोज चिझम यांनी पुरे केले.

या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. ती समजण्याचा सोपा उपाय म्हणजे एकेक घटक वेगळा काढणे. मुघल धाटणीचे घुमट कोणते, राजपूत पद्धतीच्या छत्र्या कोठे, गुजराती कोरीव काम असलेले सज्जे कोणते आणि व्हेनिसच्या इमारतींची आठवण करून देणाऱ्या टोकदार कमानी कोठे, हे दुर्बिणीने शोधावे. मुलांना बरोबर नेले असेल तर हाच खेळ त्यांना द्यावा. दर्शनी भागावर नजर फिरवताना दगडाच्या रंगातील बदलही टिपावेत. येथे आग्र्याकडचा वाळूचा दगड आहे, राजस्थानचा व इटलीचा संगमरवर आहे आणि पुण्याकडून आणलेला निळसर काळा दगडही आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो दगड परमुलुखात ओळखीचा चेहरा दिसावा तसा भेटतो. समोरची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने आखली.

हा राजवाडा बकिंगहॅम पॅलेसपेक्षा कितीतरी पट मोठा असल्याचे सर्रास सांगितले जाते. या तुलनेत वेळ घालवू नये. आकाराच्या आकड्याने पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आतली पहिली दालने

आत गेल्यावर ध्वनिमार्गदर्शकाचा क्रम पाळावा, तो सोयीचा आहे. शस्त्रागारात तलवारी, कट्यारी, ढाली मांडलेल्या आहेत. ज्यांना शस्त्रांची आवड आहे ते येथे रमतील, इतरांनी दहा मिनिटांत पुढे व्हावे. मात्र दोन-तीन मुठींवरचे नक्षीकाम जवळून पाहून घ्यावे, कारण हत्यार आणि अलंकार यांची सीमारेषा त्या मुठींवर पुसली गेली आहे.

गादी हॉल म्हणजे राज्यारोहणाची जागा. येथे कित्येकांची निराशा होते, कारण ‘सिंहासन’ या शब्दाने मनात सोन्याचे, सिंहांच्या पायांचे आसन उभे राहिलेले असते आणि समोर दिसते ती बैठी गादी. पण मराठा दरबारात मान गादीलाच होता. बडोद्याच्या राजाने युरोपी धाटणीचा एवढा मोठा महाल बांधला, परदेशातून कारागीर आणि काचा आणल्या, आणि राज्याभिषेकाला मात्र आपली जुनी बैठक ठेवली, ही या साऱ्या फेरीतील मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट आहे. तेथे यंत्र थांबवून थोडा वेळ शांत उभे राहावे.

मार्गिकांमधून जाताना पुतळ्यांकडे लक्ष द्यावे. ऑगुस्तो फेलिची हे इटालियन शिल्पकार सयाजीरावांच्या निमंत्रणावरून बडोद्यात राहून काम करत होते. संगमरवर, ब्राँझ आणि भाजलेली माती अशा तिन्ही माध्यमांत त्यांची शिल्पे येथे आणि संग्रहालयात पाहायला मिळतात. पुतळा पाहण्याची एक साधी रीत आहे: समोरून पाहून झाल्यावर अर्धवर्तुळात चालत बाजूने पाहावे, मग हातांकडे आणि वस्त्राच्या चुण्यांकडे यावे. इटलीत शिकलेला शिल्पकार भारतीय नेसण, पागोटे आणि अलंकार दगडात कसे उतरवतो, त्याला काय सहज जमले आणि कोठे त्याचा हात अडखळला, हे त्या चुण्यांतच दिसते.

दरबार हॉल

दरबार हॉलसाठी किमान पाऊण तास राखून ठेवावा. गट पुढे सरकला तरी आपण मागे राहावे.

प्रथम खाली पाहावे. व्हेनिसच्या मोझेक पद्धतीची ही जमीन लहान लहान तुकडे चुन्यात बसवून, घासून, गुळगुळीत करून तयार केलेली आहे, आणि त्यासाठी इटलीहून कारागीर आले होते. जमिनीला पाय लावण्याची परवानगी असेल तेवढ्याच भागातून चालावे. दूरवरून ती एखाद्या प्रचंड गालिच्यासारखी दिसते. खाली वाकून पाहिल्यावर कळते की वेलबुट्टीची वळणे सरळ कडांच्या तुकड्यांतूनच साधलेली आहेत, आणि वळण जितके नाजूक तितका तुकडा बारीक झाला आहे. आपल्याकडे जुन्या घरांत जी मोझेकची जमीन असे, तिच्याशी याचे दूरचे नाते आहे, इतकेच. घरच्या फरशीत खडीचा चुरा सिमेंटमध्ये कालवलेला असे, आणि येथे प्रत्येक तुकडा हाताने जागेवर ठेवला गेला आहे.

नंतर नजर भिंतींवरून वर न्यावी. रंगीत तावदाने पाहताना दोन टप्पे करावेत. आधी मध्यभागी उभे राहून सर्व तावदानांचा एकत्रित परिणाम पाहावा, तसेच जमिनीवर आणि भिंतींवर रंगांचे कवडसे पडले आहेत का ते शोधावे. ऊन सरकते तसे कवडसेही सरकतात, आणि अर्ध्या तासात त्यांची जागा बदललेली दिसते. दुसऱ्या टप्प्यात दुर्बिणीने एकच तावदान निवडून त्याचे तुकडे पाहावेत. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि चेहरे, बोटे, पाने यांच्या बारीक रेषा काचेवर रंगवून भट्टीत पक्क्या केलेल्या असतात. शिशाची काळी रेषा ही केवळ जोड नसते. कसबी कारागीर तिचाच उपयोग आकृतीची बाह्यरेषा म्हणून करून घेतो. कोणती रेषा जोडाची आणि कोणती चित्राची, हे ओळखू येऊ लागले की तावदान वाचता येऊ लागते.

मग सज्ज्यांकडे वळावे. राजस्त्रियांना दरबार आणि मैफली पाहता-ऐकता याव्यात म्हणून वर सज्जे राखलेले आहेत. खालून ते शोभेचे वाटतात, परंतु त्यांच्यामुळे एक गोष्ट लक्षात राहते: या सभागृहाला दोन प्रेक्षकवर्ग होते, एक दिसणारा आणि एक पडद्याआडचा.

बडोदे दरबाराने गायकांना दिलेला आश्रय मराठी श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मौलाबक्ष यांनी येथे १८८६ मध्ये संगीतशाळा काढली, उस्ताद फैयाज खाँ दरबारगायक होते, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा काही काळ याच दरबारात गेला. त्यांच्या कन्या हिराबाई यांनी ‘बडोदेकर’ हे आडनाव घेतले, ते याच गावावरून. मैफलीच्या निमित्ताने दरबार हॉल आजही उघडला जातो. प्रवासाच्या दिवसांत असा कार्यक्रम असल्यास त्याचे तिकीट आवर्जून काढावे. रिकामे दालन आणि आवाजाने भरलेले दालन यांत फार अंतर आहे.

बाहेर पडताना लगतच्या चौकात कारंज्यांजवळ दहा मिनिटे बसावे. डोळे थकलेले असतात, आणि पुढचा टप्पा अधिक एकाग्रता मागणारा आहे.

संग्रहालय: येथे घाई करू नये

जेवण करून दुपारी तीनच्या आत फतेसिंह संग्रहालयात पोहोचावे, कारण ते संध्याकाळी लवकर बंद होते. ही इमारत पूर्वी राजपुत्रांच्या शाळेची होती. मुलांसाठी आवारात छोटी आगगाडीही धावत असे. संग्रहालय १९६१ मध्ये सुरू झाले.

आत युरोपी चित्रे, जुन्या पाश्चात्त्य चित्रकारांच्या प्रतिकृती, चिनी व जपानी वस्तू असे बरेच काही आहे. पहिल्या भेटीत ते सारे ओलांडून आधी रविवर्म्यांच्या दालनात जावे आणि वेळ उरल्यास मागे यावे. क्रमाने पाहत गेल्यास मुख्य चित्रांपर्यंत पोहोचताना लक्ष संपलेले असते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. त्रावणकोरमध्ये दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांमुळे रविवर्मा (१८४८–१९०६) यांचा बडोद्याशी संबंध आला, आणि सयाजीरावांच्या अधिकारग्रहणाच्या सुमारास, १८८१ मध्ये, ते प्रथम येथे आले. पुढे दरबार हॉलसाठी रामायण-महाभारत आणि पुराणांवर आधारित चौदा चित्रांची मागणी त्यांच्याकडे नोंदवली गेली. ती १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. त्यापूर्वी आपले बंधू राजा राजवर्मा यांच्यासह त्यांनी देशभर प्रवास केला होता, कारण पौराणिक पात्रांना नेमका कोणता पेहराव द्यायचा, हा प्रश्न होता. अखेर त्यांच्या नायिका आणि देवता साडीत दिसू लागल्या, आणि त्यांतील कित्येकींची नेसण मराठी नऊवारीची आहे. मराठी स्त्रियांनी ही चित्रे पाहताना निऱ्या, काष्टा आणि पदर यांकडे बारकाईने पाहावे. चित्रकाराने नेसणे किती लक्ष देऊन पाहिले होते, हे त्यांच्याइतके कोणालाच कळणार नाही.

चौदाही चित्रे सारख्याच लक्षाने पाहण्याचा प्रयत्न करू नये. तीन निवडावीत. माझी निवड ‘शंतनू आणि मत्स्यगंधा’, ‘अर्जुन आणि सुभद्रा’ आणि हरिश्चंद्राच्या विपत्तीचे चित्र अशी आहे. कोणाला ‘नल-दमयंती’ किंवा ‘विश्वामित्र-मेनका’ अधिक आवडतील.

प्रत्येक चित्रासमोर पुढील क्रम उपयोगी पडतो. सुरुवातीला दहा-बारा फुटांवर उभे राहून प्रकाश कोठून येतो ते ओळखावे. तैलचित्राच्या पृष्ठभागावर किंवा काचेवर दिव्याची चमक पडत असल्यास एक-दोन पावले बाजूला सरकावे, चमक हटते. त्यानंतर पात्रांच्या नजरा कोठे भिडतात आणि कोठे टाळल्या जातात ते पाहावे. या चित्रांतील नाट्य नजरांत आहे, कृतीत नाही. प्रसंग घडण्याच्या क्षणभर आधी किंवा क्षणभर नंतर चित्रकाराने पडदा उघडला आहे. मराठी संगीत रंगभूमीची पहाटही याच काळातील, किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० चे; आणि रंगमंचावरील ठेवण या चित्रांत स्पष्ट जाणवते. पात्रे प्रेक्षकांकडे किंचित वळून उभी आहेत, मागचा देखावा पडद्यासारखा आहे. शेवटी जवळ जावे, दोरीच्या आत हात न नेता, आणि फक्त तीन गोष्टी पाहाव्यात: हातांची बोटे, जरीचा काठ आणि दागिन्यांवरचा प्रकाशाचा ठिपका. दुरून सोन्याचा वाटणारा काठ जवळून पिवळ्या, तपकिरी आणि पांढऱ्या रंगांचे फटकारे म्हणून उलगडतो.

हरिश्चंद्राच्या चित्रासमोर मी सर्वाधिक वेळ थांबतो. राज्य आणि संपत्ती गमावलेला राजा लिलावात स्वतःच्या मुलापासून ताटातूट होताना पाहतो आहे. असे चित्र दरबारासाठी मागवणाऱ्या राजाच्या डोळ्यांसमोर ते रोज असावे, या कल्पनेने मन भरून येते.

‘सरस्वती’ आणि ‘लक्ष्मी’ ही चित्रेही बडोद्याच्याच संग्रहातील. त्यांच्यासमोर आल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो, की हे चित्र आमच्या घरी होते. ते खरेच आहे. चित्रांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रती, काढावेत ही सूचना माधवरावांनी फार पूर्वी केली होती. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तेथून निघालेल्या छापील देवता देवघरांत, दुकानांत, दिनदर्शिकांवर पोहोचल्या. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनीही लोणावळ्याच्या त्या छापखान्यात काम केले होते. घरातील छापील सरस्वती आठवत मूळ चित्र पाहावे. छपाईत त्वचेच्या छटा आणि पार्श्वभूमीतील हवा हरवलेली असते. रंग अधिक भडक झालेले असतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की कोणत्याही चित्राची छापील प्रत पाहताना तो आपोआप आठवतो.

ज्येष्ठांसाठी येथे मध्येमध्ये बसायला जागा आहे का ते आल्याबरोबर विचारून घ्यावे, आणि लहान मुलांना दीड तासापेक्षा अधिक वेळ आत ठेवू नये. बाहेर झाडांखाली त्यांना मोकळे सोडता येते.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

मुक्काम केला असेल तर सकाळी प्रथम सयाजीबागेत जावे. तेथील बडोदा संग्रहालयात अकोटा येथे सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्ती आहेत आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा मुलांना आवडतो. याच बागेशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यातील एक दिवस जोडलेला आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि २३ सप्टेंबर १९१७ रोजी येथील वडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला. राजवाड्याचे वैभव पाहून आलेल्या माणसाने त्या संकल्पभूमीवर जाणे मला आवश्यक वाटते. ज्या राज्याने त्यांना शिकवले, त्याच्या राजधानीत त्यांना छप्पर मिळाले नाही, हेही बडोद्याच्या इतिहासात लिहिलेले आहे.

त्यानंतर कीर्ती मंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी बांधवून घेतलेली ही वास्तू विश्वामित्री नदीजवळ आहे. आतील मध्यवर्ती दालनाच्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार मोठी भित्तिचित्रे काढली: गंगावतरण, महाभारतातील युद्ध, मीराबाईचे जीवन आणि रवींद्रनाथांच्या नाटकावरील ‘नटीर पूजा’. चित्रे असलेला भाग उघडा आहे का, हे तेथील रखवालदाराला नम्रपणे विचारावे.

येथे आदल्या दिवशीच्या टिपणवहीचा उपयोग होतो. तांबेकर वाड्यातील भिंतीबद्दल लिहून ठेवलेल्या ओळी काढाव्यात आणि रविवर्म्यांच्या चित्रांबद्दलच्या ओळी त्यांच्या शेजारी ठेवाव्यात. नंदलाल बोस यांनी रविवर्म्यांची छायाप्रकाशाची पद्धत सोडून पुन्हा रेषेकडे आणि सपाट रंगाकडे वळणे पसंत केले. चित्र कॅनव्हासवरून उतरून परत भिंतीवर आले. मीराबाईच्या चित्रासमोर उभे राहून तिच्या भोवतालच्या आकृत्या मोजाव्यात, त्या एकामागे एक आहेत की शेजारी शेजारी, हे पाहावे, आणि उत्तर वहीत लिहावे. परतीची गाडी दुपारची ठेवावी, म्हणजे येथून निघायची घाई होत नाही.